डोमेन विकलं गेलं, पण २०२१ च्या किमतीला. आता नाही म्हणता येतं का?

खाडीकाठ (नेरुळ) | बुधवार, रात्री ११.५२

मंडळी, कालपासून डोकं ठिकाणावर नाही. डोमेन नावं (वेबसाइटचे पत्ते) विकण्याचा अनुभव असलेल्यांनी मार्गदर्शन करा, बाकीच्यांनी हसून घ्या.

नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल सुरू झाली, त्या आठवड्यात मी सहज बामणडोंगरीला उतरलो. निम्म्या इमारती रंगाविना, रस्त्यावर माणसांपेक्षा म्हशी जास्त. परतीच्या गाडीत बसल्या बसल्या मोबाइलवरून त्या भागाच्या नावाला, म्हणजे ‘उलवे’ला, घरांचा एक इंग्रजी शब्द जोडून डॉट कॉम घेऊन टाकलं. (पूर्ण नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे कळेल.) दरवर्षी हजार-बाराशे भरत राहिलो. घरचे म्हणायचे, वर्तमानपत्राची रद्दी तरी विकली जाते.

२०२१ मध्ये घरात कोंडलेलो असताना एका परदेशी डोमेन बाजारात ते नाव लावलं. ‘बाय नाऊ’ किंमत ७५० डॉलर. तेव्हाच्या हिशेबाने पंचावन्न हजार, म्हणजे चंगळ. लावलं आणि विसरलो.

मग अटल सेतू झाला, लोकल उरणपर्यंत गेली, २५ डिसेंबर २०२५ ला विमानंही उडाली. आणि सीवूड्सच्या एका इस्टेट एजंटचा फोन आला. काल स्टेशनसमोर चहा झाला. मी दोन लाख म्हटलं, तो एकवर अडला, शेवटी दीड लाखावर हात मिळवले. ‘गुरुवारी चेक आणतो.’ लिखापढी काही नाही.

काल रात्री मी कुकरची शिट्टी मोजत ओट्यापाशी उभा होतो, तेवढ्यात मेल: अभिनंदन, तुमचं नाव विकलं गेलं. ७५० डॉलर. त्यातून कमिशन २५ टक्के! बायकोला माझा चेहरा बघून वाटलं कुणीतरी गेलं.

हे नाकारता येतं का? एजंटला शब्द दिलाय त्याचं काय? आणि वर ताप म्हणजे, नूतनीकरणात तीनशे रुपये वाचतील म्हणून वीस दिवसांपूर्वीच मी नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे) हलवलंय, त्यामुळे ते आता लॉक दिसतंय.

---

तलावपाळी | गुरुवार, सकाळी ७.१०

मेलला उत्तरच देऊ नका. परदेशातला माणूस साडेसातशे डॉलरसाठी नेरुळला येणार आहे का? एजंटकडून दीड लाख घ्या आणि मोकळे व्हा.

---

डबल फास्ट | गुरुवार, सकाळी ७.४८

+१. लॉक आहे म्हणून सांगा, विषय संपला.

---

पारसिक बोगदा (ठाणे) | गुरुवार, सकाळी ९.२५

वरच्या दोघांचं ऐकू नका. मी बारा वर्षं हा उद्योग नोकरी सांभाळून करतोय, आणि एकदा असंच गप्प बसून पाहिलंय. खातं बंद झालं, आणि त्यात माझी बाकीची चाळीस नावं होती.

‘बाय नाऊ’ म्हणजे दुकानातली पाटी नव्हे. नाव लावताना आपण ज्या अटींवर टिक करतो, त्यात बहुतेक सगळीकडे हेच असतं: खरेदीदाराने ती किंमत मान्य केली की करार झाला. विकणाऱ्याला मागे फिरायची सोय नाही. लिलावात राखीव किंमत ओलांडली गेली तरी तेच. बऱ्याच ठिकाणी तर ‘ऑफर द्या’ या पद्धतीतही एकदा ‘स्वीकारलं’ दाबलं की बांधले गेलात. मागे फिरलात तर खातं बंद, आणि काही बाजार बुडालेलं कमिशन तुमच्याकडूनच मागतात.

किंमत बदलायचा हक्क तुम्हाला होता, रोज होता. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं. त्या दिवशी दोन मिनिटं काढून ७५० चे ३,००० केले असते तर आज हा धागा नसता. सौदा झाल्यावर तो हक्क उरत नाही. चिडू नका, पण उलव्यातला जमीनमालक सात वर्षं भाव न विचारता बसला असता का?

आता कमिशन. नाव विकायला लावून नेमसर्व्हर स्वतःकडेच ठेवले होते ना? पंचवीस त्याचेच. अनेक बाजारांत दोन दर असतात. नेमसर्व्हर त्यांच्याकडे वळवलेत, म्हणजे कुणी पत्ता टाइप केल्यावर त्यांचं ‘हे नाव विक्रीला आहे’ पान दिसतं, तर दर कमी, साधारण १५. नाहीतर २५. कारण सरळ आहे, तुमच्या पानावरून आलेलं गिऱ्हाईक त्यांना जवळपास फुकट पडतं. तुमच्या ७५० मध्ये हा फरक ७५ डॉलरचा, डॉलर नव्वदचा धरला तर पावणेसात हजार. नूतनीकरणात वाचवलेले तीनशे यातून वजा करा.

पूर्वी डॅन नावाच्या बाजारात नऊ टक्क्यांत काम व्हायचं. २०२२ मध्ये ते गोडॅडी या मोठ्या रजिस्ट्रारने घेतलं आणि पुढे आफ्टरनिक या दुसऱ्या बाजारात मुरवलं. आफ्टरनिकही गोडॅडीचंच, २०१३ पासून. तेव्हा दुकानं चार दिसली तरी गल्ला कुणाचा ते बघत जा.

लॉकचं डबल फास्ट म्हणतात तसं नाही. डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅनचा (डोमेन नावांचे नियम ठरवणारी जागतिक संस्था) नियम असा की नवीन नोंदणी किंवा रजिस्ट्रार बदल झाल्यावर ६० दिवस नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जाण्यापासून अडवता येतं. पण त्याच रजिस्ट्रारमध्ये एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नाव सरकवता येतं, त्याला पुश म्हणतात. खरेदीदाराने तिथे खातं काढायचं, तुम्ही पुश करायचं, पाच मिनिटांचं काम. म्हणजे लॉक ही तुमची पळवाट नाही, फक्त एक जास्तीचा मेल आहे. आज बाजाराच्या मदत कक्षाला स्वतःहून कळवा की नाव अमुक तारखेपर्यंत लॉक आहे, पुश चालेल का विचारा. गप्प राहणं हाच खरा गुन्हा धरतात.

आणि मधल्या काळात नोंदणीतलं मालकाचं नाव किंवा ईमेल बदलायला जाऊ नका. डिसेंबर २०१६ पासून त्यानेही ६० दिवसांचं नवं कुलूप बसू शकतं.

---

वकीलवाडी | गुरुवार, सकाळी १०.४०

पारसिक यांच्याशी सहमत, थोडी भर. दुकानाच्या काचेत लावलेली किंमत हा कायद्याच्या भाषेत प्रस्ताव नसतो, ‘या, प्रस्ताव द्या’ असं निमंत्रण असतं, हे कॉलेजात पहिल्या महिन्यात शिकवतात. म्हणून तलावपाळी यांना वाटतंय तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण इथे दोन्ही पक्षांनी बाजाराच्या अटी आधीच मान्य केल्या आहेत, आणि त्या अटी सांगतात की ही किंमत म्हणजे प्रस्तावच. क्लिक करून केलेला करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून बाद होत नाही, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ त्यासाठीच आहे.

एजंटला दिलेला शब्द ही वेगळी अडचण. तोंडी करारही करार असू शकतो. ‘नाव आधीच विकलं गेलं होतं, मला कल्पना नव्हती’ असं त्याला आजच लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर चालेल. आणि चेक घेऊ नका! एकच वस्तू दोघांना विकून दोघांचे पैसे घेतले तर प्रकरण दिवाणी राहीलच असं नाही.

---

उपवनी | गुरुवार, दुपारी १.१५

मी दुसऱ्या बाजूची. वेबसाइट बनवते, क्लायंटसाठी नावं विकत घेते. विकणाऱ्यांचा एक आळस सांगते. गेल्या वर्षी कोलशेतच्या एका बेकरीसाठी नाव हवं होतं. तेच नाव एका बाजारात १,२०० डॉलर, दुसऱ्यात ‘ऑफर द्या’, आणि रजिस्ट्रारच्या शोधपेटीत ४९५. अर्थात ४९५ ला घेतलं. मालकाचा रडका मेल आला. मी काय करणार, किंमत त्यानेच लावलेली.

हे होतं कसं, तर तुम्ही एका बाजारात नाव लावता तेव्हा ‘जलद हस्तांतरण’ अशा नावाची सोय चालू करता. मग तो बाजार तुमचं नाव आपल्या जाळ्यातल्या कितीतरी रजिस्ट्रारना पाठवतो. कुणी तिथे नाव मोकळं आहे का म्हणून शोधलं की ते किमतीसकट समोर येतं. पैसे भरले की मालकाला काही न विचारता नाव हलतं. त्यासाठी मालकाने संमती आधीच दिलेली असते, फक्त ती पाच वर्षांपूर्वी दिली हे तो विसरलेला असतो.

एकाच वस्तूला तीन भाव म्हणजे खरा भाव सगळ्यात खालचा. भाजी मार्केटमध्ये हे सगळ्यांना कळतं.

---

डबल फास्ट | गुरुवार, दुपारी २.०५

शब्द मागे घेतो. एक शंका. माझ्याकडे विमानतळाच्या नावाशी जुळणारी तीन नावं आहेत, दोन डॉट इन, एक डॉट कॉम. कंपनीला थेट मेल करून किंमत सांगू का? पन्नास लाख तरी?

---

पारसिक बोगदा (ठाणे) | गुरुवार, दुपारी २.३०

अजिबात नको! तो मेलच तुमच्याविरुद्धचा पुरावा होईल.

वाद निवारणाचं धोरण, म्हणजे यूडीआरपी, १९९९ पासून आहे. तक्रारदाराने तीन गोष्टी दाखवायच्या: नाव त्याच्या ट्रेडमार्कसारखं आहे, तुमचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि तुम्ही ते वाईट हेतूने घेऊन वापरलं. वाईट हेतूचं पहिलं उदाहरण धोरणात काय दिलंय माहितीये? मुख्यतः ट्रेडमार्कच्या मालकालाच खर्चापेक्षा जास्त किमतीला विकण्यासाठी नाव घेणं. डब्ल्यूआयपीओकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) पाच नावांपर्यंतची तक्रार एका पंचापुढे चालवायला १,५०० डॉलर लागतात. कंपनी तुम्हाला पन्नास लाख देईल की तिथे दीड हजार भरेल?

डॉट इनसाठी निक्सीचं (डॉट इन सांभाळणारी आपली संस्था) वेगळं धोरण आहे, सूत्र साधारण तेच. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही सत्यम इन्फोवे प्रकरणात २००४ मध्येच डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण दिलंय. २०२४ मधलं जिओहॉटस्टार डॉट कॉमचं आठवत असेल. नाव आधीच घेऊन ठेवणाऱ्या दिल्लीच्या मुलाने केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला, देशभर बातम्या झाल्या, पण रिलायन्सने ते पैसे काही दिले नाहीत.

खाडीकाठ यांचं नाव वेगळ्या जातीचं. गावाचं नाव अधिक घर, हे वर्णन झालं. त्यावर कुणा एकाची मालकी नाही. पण ‘विमानतळाजवळ’ आणि ‘विमानतळाचं अधिकृत’ यात फरक आहे. बाजारातही तुम्ही नाव लावताना ‘यात कुणाचा ट्रेडमार्क नाही’ अशी हमी देता, दावा झाला तर भरपाईही तुमच्याच गळ्यात.

---

डबल फास्ट | गुरुवार, दुपारी २.४१

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

---

वजाबाकी (नौपाडा) | गुरुवार, सायंकाळी ६.२०

रिटर्नची गर्दी नाही म्हणून लिहितोय. सीए आहे, पण हा सल्ला फुकट आहे तेव्हा तेवढाच धरा.

हिशेबात ५६२.५० डॉलर दाखवू नका. विक्री ७५० ची, कमिशन १८७.५० हा खर्च. बाजाराने दिलेलं कमिशनचं बिल उतरवून ठेवा, दोन वर्षांनी खातं राहत नाही आणि मग माझ्याकडे स्क्रीनशॉट शोधत येता. एखादंच नाव विकलं तर भांडवली नफा म्हणून मांडता येईल का यावर बोलता येतं, पण तीस-चाळीस नावं ठेवून सतत विकत असाल तर तो धंदा. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख. पैसे परदेशातून आले म्हणजे आपोआप निर्यात झाली असं नाही, खरेदीदार इथलाच असेल तर ‘निर्यात’ म्हणून मिरवू नका. पैसे आल्यावर बँकेकडून परकीय चलन आल्याचा दाखला मागून घ्या.

अमेरिकन बाजार असेल तर पैसे सोडण्याआधी डब्ल्यू-८बेन फॉर्म मागतील. घाबरू नका, ‘मी अमेरिकेचा नाही’ एवढंच त्यात सांगायचं असतं.

---

तलावपाळी | गुरुवार, रात्री ८.०२

दंडवत घ्या सगळ्यांनी. माझा सकाळचा प्रतिसाद ह.घ्या. (हलकेच घ्या).

तरी एक शंका. एजंटने दीड लाख कबूल केले मंगळवारी, आणि सात वर्षं पडून असलेलं नाव विकलं गेलं तेही मंगळवारी रात्री. योगायोग फारच वक्तशीर आहे.

---

उपवनी | गुरुवार, रात्री ८.१५

हेच लिहायला आले होते. चहानंतर घरी जाऊन त्याने (किंवा त्याच्या पोराने) नाव कुठल्यातरी रजिस्ट्रारच्या पेटीत टाकून बघितलं असणार.

---

खाडीकाठ (नेरुळ) | शुक्रवार, रात्री १०.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. वृत्तान्त देतो.

मदत कक्षाला काल दुपारीच लिहिलं. रात्री उत्तर आलं: पुश चालेल, खरेदीदाराचे पैसे जमा आहेत, तो त्याच रजिस्ट्रारकडे खातं काढेल. पारसिक यांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) बजावलं होतं की मेलमधल्या दुव्यावर न जाता स्वतः लॉगिन करून ‘पैसे जमा’ ही स्थिती बघायची, आणि कुणी ‘आधी किमतीचं प्रमाणपत्र काढा’ म्हणाला तर तो चोर समजायचा. बघितलं. जमा होते.

मग पुशसाठी खरेदीदाराच्या खात्याचा ईमेल आला. सीवूड्सच्या त्याच ऑफिसचा! त्याच्या कार्डावर जो छापलाय तोच. तलावपाळी, उपवनी, तुमच्या तोंडात साखर पडो. किंवा नको.

फोन केला. शिव्या द्यायच्या ठरवून केला होता. तो इतक्या मोकळेपणी हसला की माझंच अवसान गेलं. म्हणाला, ‘काका, पोरगा म्हणाला नाव सदुसष्ट हजारात मिळतंय, मी म्हटलं तुम्हीच लावलं असेल, मग तुमच्याकडून दीडला कशाला घेऊ?’ यावर मला काही सुचलं नाही. किंमत माझीच होती.

आज दुपारी पुश केलं. पेटीत त्याचा ईमेल टाकला, ‘खात्री आहे का?’ विचारलं, हो म्हटलं. यादीतून ओळ गेली. सात वर्षांची ओळ.

---

पारसिक बोगदा (ठाणे) | शुक्रवार, रात्री १०.५५

नाव हातात आलं असं खरेदीदाराने कळवलं की पैसे सुटतील. वायरने मागवलेत तर मधल्या बँका थोडं खातील, तेही धरून चाला. पन्नास हजाराच्या आत-बाहेर पडतील.

बाकीची नावं आज रात्रीच काढून बसा. जी विकायची नाहीत ती बाजारातून उतरवा. जी विकायची आहेत त्यांना सगळीकडे एकच भाव. जिथे भावाचा अंदाज नाही तिथे ‘बाय नाऊ’ रिकामं ठेवून किमान ऑफर घाला, म्हणजे शंभर डॉलरवाले त्रास देत नाहीत. हप्त्यांवर देणार असाल तर नाव हप्ते संपेपर्यंत बाजाराकडे अडकतं आणि कमिशन प्रत्येक हप्त्यातून जातं, तेव्हा किंमत थोडी चढी ठेवा. नव्या शेपटाची नावं असतील (डॉट अमुक, डॉट तमुक), तर काहींचं नूतनीकरणच दरवर्षी शेकडो डॉलर असतं, ते आधी सांगा, नाहीतर खरेदीदार पुढच्या वर्षी तुमच्या नावाने खडे फोडतो. आणि डॉट कॉमचा घाऊक भाव सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला, कुणी याहून स्वस्तात पहिलं वर्ष देत असेल तर दुसऱ्या वर्षाचा आकडा बघूनच उडी मारा.

---

वजाबाकी (नौपाडा) | शुक्रवार, रात्री ११.०३

खरेदीदार सीवूड्सचा. निर्यात नाही. सांगितलं होतं.

---

खाडीकाठ (नेरुळ) | शनिवार, सकाळी ६.४०

रात्री दोनपर्यंत बसलो होतो. अकरा नावं उतरवली, सहांची किंमत बदलली, नेमसर्व्हर वळवले. एक नाव ९९ डॉलरला लावलेलं सापडलं, खारघरचं, मेट्रोच्या आधी घेतलेलं. घाम फुटला.

तेवढ्यात एजंटचा मेसेज. ‘काका, द्रोणागिरीचं काही आहे का?’

आहे. पण आज चहाला मी त्याच्या ऑफिसात जातोय, आणि जाण्याआधी किंमत तीन ठिकाणी तपासून.